गैरहजर कामगाराची उत्तरं

१

या वेळी कसर ठेवायची नाही, असं वर्षालीने ठरवूनच टाकलं होतं. आधीच्या दोन ठिकाणी तिचं घोडं एकाच प्रश्नावर अडलं होतं : आमच्या फर्मबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? पहिल्या ठिकाणी तिने त्यांच्या वेबसाइटवरची वाक्यं पाठ म्हणून दाखवली, तेव्हा समोरच्या बाई हसू दाबत खिडकीबाहेर बघत बसल्या. दुसऱ्या ठिकाणी तिने फारसं काही माहीत नसल्याचं खरं खरं सांगितलं आणि त्या खरेपणाचं बक्षीस म्हणून दहा मिनिटांत ती रस्त्यावर उभी होती. वकिलीची सनद हातात येऊन वर्ष होत आलं होतं. शेजारच्या सोजरबाई भेटतील तिथे "लागली का गं कुठं?" म्हणून विचारत. ते ऐकायला नको म्हणून वर्षाली हल्ली त्यांचं दार बंद झालेलं बघूनच बाहेर पडे.

तिसरी फर्म होती खरवंडीकर असोसिएट्स. चिंचवड स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, आणि काम म्हणाल तर चाकण-भोसरीच्या कारखान्यांमधले कामगारांचे तंटे, तेही कायम कंपनीच्या बाजूने. शनिवारी त्यांचा निवडीचा दिवस होता. चार उमेदवार बोलावले होते. सकाळी लेखी, मग गटचर्चा, दुपारी बाराला चौकशीचा सराव. त्यातून दोन प्रशिक्षणार्थी घेणार होते.

आता कंपनीच्या बाजूने म्हटल्यावर वर्षालीच्या घरात हा विषय सरळ निघणं कठीणच होतं. तिचे वडील रंगराव परभणीकडून चाकणला आले, अकरा वर्षं एका कारखान्यात प्रेस मशीनवर उभे राहिले आणि एका चौकशीनंतर कामावरून निघाले. त्यालाही बारा वर्षं झाली. मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, यांनीच काढला आणि त्यामुळे जोडीदाराची तीन बोटं गेली, असा आरोप होता. रंगराव म्हणत, मी काढला नाही, मी शिफ्टला आलो तेव्हाच तो काढलेला होता. नातेवाईक ऐकून घेत आणि दुसऱ्या विषयावर जात. आई, सुभद्राबाई, काहीच बोलत नसे. एकटी वर्षाली, तेव्हा बारा वर्षांची, त्यांच्या शेजारी जाऊन बसली होती आणि म्हणाली होती, "माझा विश्वास आहे, अण्णा." पुढे ते वाक्य या घरात चहासारखं नेमाचं झालं. अण्णांचा चेहरा पडला की ती म्हणे, आणि त्यांचा दिवस पुढे सरके. काळेवाडीतल्या त्या दोन खोल्यांमध्ये रंगरावांकडे दुसरं आपलं म्हणावं असं काही उरलेलं नव्हतं.

फर्मचं नाव तिने सांगितलं तेव्हा रंगरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, जा. चांगली मोठी फर्म आहे.

सोमवारी तिने दोनशे पानी वही उघडली आणि अभ्यासाला बसली. न्यायालयांच्या निकालांमध्ये खरवंडीकरांचं नाव जिथे जिथे येतं ते सगळे निकाल काढायचे, वाचायचे, टिपायचे. तिसऱ्याच निकालात तिला एक चूक सापडली. कामगाराला काढण्याआधी कंपनीला रीतसर चौकशी करावी लागते. प्रश्न विचारायचे, उत्तरं हाताने लिहून घ्यायची, आणि प्रत्येक पानावर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या. कामगार आलाच नाही तर तीन वेळा पुकारा करून अर्धा तास थांबायचं आणि चौकशी एकतर्फी पुरी करायची. या निकालात वरच लिहिलं होतं, की कामगार गैरहजर असल्याने चौकशी एकतर्फी झाली. आणि खाली, चौथ्या परिच्छेदात, त्या कामगाराची उत्तरं होती.

तिने वहीत लिहिलं : टंकलेखनाची चूक? आणि पुढचं पान उलटलं.

२

बुधवारपर्यंत तशा नऊ चुका झाल्या.

चुकीला चूक म्हणण्याची एक मर्यादा असते, हे वर्षालीलाही कळत होतं. पण तिने आपली बुद्धी पणाला लावून कारणं शोधली. कामगार उशिरा आला असेल. आदल्या तारखेचा जबाब चिकटवला असेल. सरळ सरळ खोटी उत्तरं लिहिली असतील, हे कारण तर तिला सगळ्यात पटण्यासारखं वाटलं, कारण तशा कहाण्या ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण ते कारण एका गोष्टीपाशी येऊन थांबायचं. नऊच्या नऊ कामगारांना पुढे कोर्टात विचारलं गेलं होतं, की ही उत्तरं तुमची आहेत का. नऊही जण हो म्हणाले होते. त्यांच्याच वकिलाने डोक्यावर हात मारून घेतला असेल, पण ते हो म्हणाले होते.

आणि उत्तरंसुद्धा कशी, तर खोटी लिहिणाऱ्याला सुचणार नाहीत अशी. एकाला विचारलं होतं, मशीन बंद का ठेवलं. उत्तर होतं : मुलगी आजारी असल्याचे मी सर्वांना सांगितले, पण मला त्या दिवशी फक्त कंटाळा आला होता. असलं काही कंपनीचा वकील कशाला लिहील? आणि आरोप कबूल करताना कामगार तरी इतकं कशाला सांगेल?

नेहा तिची कॉलेजातली वरच्या वर्गातली मैत्रीण. तीन-चार वर्षांपूर्वी ती खरवंडीकरांकडे प्रशिक्षणार्थी होती आणि चार महिन्यांत सोडून आली होती. वर्षाली तिला भेटायला कासारवाडीला गेली. स्टेशनबाहेरच्या अमृततुल्यात दोघी बसल्या. नेहा पूर्वी बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची सोय नसे. आता ती चहाच्या ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. पगार कसा, माणसं कशी, हे तिने सगळं नीट सांगितलं. शुभदा खरवंडीकर मॅडम कधी आवाज चढवत नाहीत, सणावाराला सुट्टी देतात, काम शिकवतात. मग सोडलंस कशाला, म्हटल्यावर तिने उरलेला चहा एका घोटात संपवला.

वर्षालीने वही उघडून नऊ खटले तिच्यापुढे ठेवले. नेहाने यादीवरून नजर फिरवली आणि त्यातल्या तीन नावांवर बोट ठेवलं.

"या तिघांच्या चौकशा माझ्या अक्षरात आहेत," ती म्हणाली. "मी लेखनिक होते."

"मग माणूस गैरहजर होता की नव्हता?"

"गैरहजर होता."

"आणि उत्तरं?"

"जे ऐकलं ते लिहिलं मी. एक शब्द पदरचा घातला नाही." एवढं बोलून ती उठली. पर्स खांद्याला लावताना म्हणाली, की तू त्या दिवशी जाऊ नकोस, दुसरीकडे मिळेल काहीतरी. फलाटावर लोकल लागल्याची घोषणा होत होती आणि नेहाला कुठेही जायचं नव्हतं, तरी ती घाईघाईने स्टेशनाकडे निघून गेली.

परत येताना वर्षालीने स्वतःला समजावलं, की सोडून आलेल्या माणसाला जुनी जागा कधी चांगली दिसत नाही. हे कारण तिला काळेवाडी येईपर्यंत पुरलं.

३

गुरुवारी दुपारी ती ऑफिस बघून आली. निमित्त होतं ओळखपत्राच्या झेरॉक्सचं, जी मेलला जोडायची राहिली होती, किंवा तिने मुद्दाम राहू दिली होती.

इमारत अगदी साधी होती. खालचे दोन मजले बँक, वर दाताचा दवाखाना, त्याच्या वर खरवंडीकर. लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' असा पुठ्ठा लटकत होता आणि पुठ्ठ्याचाच रंग उडाला होता. तिसऱ्या मजल्यावर बाहेरच्या खोलीत एक लांब बाक, कुंडीत मनीप्लांट, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. शिपाई सदाशिव म्हणून होते, साठीकडे झुकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. त्यांनी झेरॉक्स घेतली, आत चौकशी चालू होणार आहे, मॅडम सुटल्या की पोच देतो, तोवर बसा म्हणाले. वर्षाली बाकावर बसली.

मग सदाशिव जिन्याच्या तोंडाशी गेले आणि त्यांनी खाली पुकारा केला. कोणा गजेंद्र पाचारणेचं नाव घेतलं, हजर आहेत का विचारलं. जिन्यात कोणी नव्हतं. ते म्हणाले, हा तिसरा. मग त्यांनी आतल्या खोलीचं दार उघडलं आणि ते अंग चोरून भिंतीला टेकले, जसं आपण मोठ्या माणसाला पुढे जाऊ देतो. थोडं थांबून त्यांनी दार लावून घेतलं.

दाराला मधोमध काचेची उभी पट्टी होती. तिच्यातून वर्षालीला टेबल दिसलं. टोकाला शुभदा मॅडम, एका बाजूला कंपनीचा अधिकारी, त्याच्याजवळ लेखनिक मुलगा, मान खाली घालून. अलीकडच्या बाजूला तपकिरी रेक्झिनची एक खुर्ची होती, ती रिकामी होती.

मॅडमचे ओठ हलले. मग सगळे थांबले. लेखनिक लिहायला लागला. तो दोन ओळी लिहून थांबला, मान कलती करून ऐकल्यासारखं त्याने केलं, आणि आणखी एक ओळ लिहिली. पुन्हा मॅडमचे ओठ हलले. टेबलावर फोन असेल, स्पीकरवर माणूस बोलत असेल, म्हणून वर्षालीने मान उंचावून बघितलं. टेबलावर कागद, पाण्याची बाटली आणि पेनांचा पेला होता. बाहेरच्या खोलीत पंख्याचा आवाज येत होता, आतून तिला काही ऐकू येत नव्हतं.

साधारण वीस मिनिटांनी आतल्या माणसांनी माना वर केल्या. खुर्चीच्या रेक्झिनचा मधला भाग दबलेला होता, हे तिला तेव्हा दिसलं, कारण तेव्हाच तो फुगायला लागला. हळूहळू फुगून तो सपाट झाला. उशी जुनी असली की तसं होतं, ती मनात म्हणाली. पण जुनी उशी कोणी उठल्याशिवाय फुगत नाही, हेही तिने मनातच म्हटलं.

सदाशिवांनी दार उघडलं आणि तसेच भिंतीला टेकून उभे राहिले. मग वर्षालीकडे बघून अगदी सहज म्हणाले, "पाय जरा आत घ्या, ताई."

तिने पाय आत घेतले. समोरून कोणीही गेलं नाही. सदाशिवांनी पोच आणून दिली, तोपर्यंत तिचे पाय बाकाखालीच होते.

४

शुक्रवारी संध्याकाळी सुभद्राबाई दळणाला गेल्या होत्या. रंगराव ड्यूटीवरून आले. चिंचवडच्या एका सोसायटीच्या फाटकावर ते दिवसपाळीला बसत. त्यांनी शर्ट खुंटीला लावला, पाणी प्यायले, आणि वर्षालीने विचारायच्या आधीच म्हणाले, की तू खरवंडीकरांचं नाव घेतलंस तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. त्यांची चौकशी तिथेच झाली होती.

कपाटावरून त्यांनी साडीच्या दुकानाची एक पिशवी काढली. तिच्यातल्या कागदांना बारा वर्षांत वर्षालीने हात लावला नव्हता. रंगराव लावूच देत नसत, लेकराच्या अभ्यासात आपलं लचांड नको म्हणत. चौकशीच्या तारखेला ते परभणीला होते, त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती. कंपनीला त्यांनी तार-फोन काही केलं नाही, एवढी एक चूक. पंधरा दिवसांनी सुतक फिटल्यावर ते परत आले तर घरी पाकीट येऊन पडलं होतं. हे सगळं वर्षालीला माहीत होतं. कोर्टात मात्र ते का गेले नाहीत, हे तिला कधी कळलं नव्हतं. सुभद्राबाईंना वाटे हिंमत नाही. वर्षालीला काय वाटे, हे तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

पाकिटात चौकशीची पानं होती. पहिल्या पानावर : कामगार गैरहजर, तीन पुकारे झाले. तिसऱ्या पानावर : प्रश्न, गार्ड कोणी काढला? उत्तर, मीच काढला. तो लावून मशीन सावकाश चालते आणि मला त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे जायचे होते.

"अण्णा, तुम्ही गेला नव्हता ना?"

"नाई गेलो. आईचं डोकं मांडीवर व्हतं माझ्या."

"मग हे खोटं आहे. म्हणजे, हे कोर्टात टिकलंच नसतं."

रंगरावांनी पानं तिच्या हातातून काढून घेतली आणि पालथी ठेवली. "अक्षर दुसऱ्याचं हाय," ते म्हणाले. "बोलणं माझं हाय. मी बोलतो तसंच."

"म्हणजे तुम्ही काढला होता गार्ड?"

रंगरावांनी पिशवीचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला. मग जे त्यांनी सांगितलं, ते वर्षालीच्या कायद्याच्या एकाही पुस्तकात नव्हतं. पाकीट उघडायच्या आधी त्यांना पक्कं आठवत होतं, की शिफ्टला आलो तेव्हा गार्ड खाली पडलेला होता. तेलाचा डाग कुठे होता तेसुद्धा आठवत होतं. पाकीट वाचलं आणि ते आठवेनासं झालं. काढल्याचंही आठवत नाही. काढला नसल्याचंही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आपण कधीतरी काढला नाही असं म्हणायचो. त्या माणसाची बोटं रोज डोळ्यांसमोर येतात आणि आपला हात त्यात होता की नव्हता, हे सांगायला आत कोणी उरलेलं नाही.

"मग इतकी वर्षं आम्हाला कसं सांगत होता?"

"तू मानायचीस म्हनून," रंगराव म्हणाले. "माझं मला ठावं नाई. तुझा इश्वास हाय तर खरं असंल, असं धरून चालत आलो."

वर्षाली त्यांच्याजवळ सरकली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, माझा विश्वास आहे. रंगरावांचा चेहरा उजळला, नेहमीसारखा. उद्या तिथे गेलीस तर तू लिहिणाऱ्यांच्या बाजूला बसशील, त्या बाजूला काही होत नसेल, असं वाटून मी गप्प राहिलो, असं ते म्हणाले. आणि तुला नको वाटत असेल तर जाणंही राहू दे.

५

शनिवारी सकाळी तिने घरात सांगितलं, की निवडीचा दिवस पुढे ढकलला. रंगरावांनी तिला सोडायला म्हणून रजा टाकली होती. ते स्कूटर पुसत बसले. सुभद्राबाई म्हणाल्या, लोकांना पोरींच्या वेळेची किंमत नाही.

वर्षालीला हलकं वाटत होतं. नोकरी गेली तर गेली. आठवडाभर केलेला अभ्यास एकदाचा कामी आला, असंच तिला वाटलं. ज्या खोलीत असले प्रकार होतात तिथे पाऊलच टाकलं नाही, तर कोण काय करणार? तिने वही ट्रंकेत टाकली, आईला मटार सोलून दिले, सोजरबाईंशी दारात उभी राहून दोन शब्द बोललीसुद्धा. दहा वाजले, अकरा वाजले, काही झालं नाही.

पावणेबाराला फोनवर मेल आली. खरवंडीकर असोसिएट्सकडून, दोनच ओळींची. उमेदवार वर्षाली रंगराव डुकरे सकाळच्या सत्रांना गैरहजर. फर्मच्या प्रथेप्रमाणे दुपारचा सराव गैरहजर उमेदवाराबाबत एकतर्फी घेण्यात येईल, पहिला पुकारा बारा वाजता.

ती मेल तिने तीनदा वाचली. नऊ खटले तिच्या डोळ्यांपुढून गेले. नऊच्या नऊ गैरहजर. जे हजर राहिले त्यांच्या चौकशा तिनेच कंटाळून बाजूला टाकल्या होत्या, कारण त्यात नवल काही नव्हतं. लोक येत, नाही म्हणत, भांडत, हरत, क्वचित जिंकतही. उत्तरं ज्याची त्याची असत. जाऊ नकोस, असं नेहा म्हणाली होती. बिचारी नेहा कायम टेबलाच्या पलीकडे बसलेली, तिला अलीकडचं काय कळणार?

रंगरावांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि वाचला. स्कूटरची किल्ली त्यांच्या हातातच होती.

"बस मागं," ते म्हणाले. "तिसऱ्याच्या आत पोचू."

काळेवाडीच्या पुलावर टेम्पो आडवा लागला होता. पिंपरीच्या चौकात भाजीच्या गाड्यांनी अर्धा रस्ता खाल्ला होता. रंगरावांनी जन्मात कधी हॉर्न असा वाजवला नव्हता. बारा वाजून गेले, सव्वाबारा झाले. मागे बसलेली वर्षाली मनातल्या मनात एकच शब्द घोकत होती, हजर, हजर, हजर, म्हणजे जिन्यातूनच ओरडता यावं. बारा अठ्ठावीसला स्कूटर बँकेसमोर लागली. लिफ्टवर पुठ्ठा तसाच होता.

६

दुसऱ्या मजल्यावर, दाताच्या दवाखान्यापाशी, तिला वरून सदाशिवांचा आवाज आला. तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि मग हजर आहेत का. तिने कठड्याला धरून तोंड उघडलं.

"हजर," असं वरून कोणीतरी म्हणालं.

आपलाच आवाज मोबाइलवर ऐकला की परका वाटतो. हा परका वाटला नाही. आपण बोलताना आपल्या डोक्यात जसा वाजतो तसाच तो होता, फक्त बाहेरून आला होता. वर्षालीचं तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून काही निघालं नाही. नुसता वारा निघाला. मागून येणाऱ्या रंगरावांनी तिच्या खांद्यावरून वर बघितलं, मग तिच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

ती धावत वर पोचली तेव्हा दार लागत होतं. सदाशिवांनी तिला ओळखलं, ओशाळल्यासारखे हसले, आणि म्हणाले, की पुकारा झाला, नाव लागलं, आता मधे जाता येत नाही, बसा. तिने दाराच्या मुठीला हात घातला. मूठ फिरली नाही. काचेच्या पट्टीतून शुभदा मॅडम दिसत होत्या, पलीकडे तीन उमेदवार, त्यातली एक मुलगी लिहीत होती. खुर्चीची पाठ दाराकडे होती. पाठीवरून एक वेणी खाली आली होती, टोकाला काळं रबर, आणि वर्षालीने आपला हात मागे नेऊन स्वतःच्या वेणीचं रबर चाचपलं. परत बघितलं तेव्हा खुर्चीवर वेणी नव्हती, कोणीच नव्हतं, फक्त रेक्झिन दबलेलं होतं.

या वेळी मात्र आतलं ऐकू येत होतं. त्याच पंख्याच्या आवाजात, अगदी स्पष्ट.

मॅडमनी शांतपणे विचारलं, वडिलांना कामावरून काढलं तेव्हा आपलं वय काय होतं. बारा, असं उत्तर आलं. आपण त्यांना काय म्हणालात? विश्वास आहे म्हणाले. तो होता का?

"नाही," आतला आवाज म्हणाला. "मला त्यांची कीव आली होती. मी तेव्हाच ओळखलं होतं की गार्ड यांनीच काढला असणार. ते कामाच्या बाबतीत घाई करतात, घरातसुद्धा. पण असं म्हटलं की त्यांचा चेहरा बरा व्हायचा आणि मला अभ्यास करता यायचा. पुढे सवय झाली."

वर्षालीने दारावर तळहात आपटले. खोटं आहे, असं तिला ओरडायचं होतं, आणि तिच्या गळ्यात आवाज नव्हता, कारण तो आत चालू होता. ती वळली. रंगराव बाकाजवळ उभे होते, हेल्मेट छातीशी धरून. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मग आत शांत झालं. रेक्झिन फुगताना होणारा बारीक हवेचा आवाज आला. सदाशिवांनी दार उघडून धरलं, आणि रंगरावांनी आपण होऊन पाय मागे घेतले. कोणी गेलं असेल तर त्यांच्या आणि वर्षालीच्या मधून गेलं. तिला खोकला आला आणि खोकल्याबरोबर गळा मोकळा झाला.

शुभदा मॅडम बाहेर आल्या. त्यांच्या हातात तीन पानं होती. त्या रागावलेल्या नव्हत्या. दरवर्षी कोणीतरी येत नाही, त्या म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर आम्हाला तेच उमेदवार जास्त कळतात. त्यांनी पानं पुढे केली. वाचून घ्या आणि प्रत्येक पानावर सही करा.

"माय," रंगराव म्हणाले. "वाचू नको. फाडून टाक, न्हाईतर तशीच सही कर. पन वाचू नको."

वर्षालीने त्यांच्याकडे बघितलं, मग पानांकडे. पाच वर्षं कॉलेजात एकच गोष्ट तिच्या हाडामांसात भिनवली होती, की न वाचता सही करायची नाही. फाडून टाकली तर दुसरी प्रत असणार. न वाचता सही केली तर सगळं कबूल झालं. वाचलं तरच चूक सापडेल, एक तारीख, एखादा शब्द, आपण कधीच म्हणत नाही असा एक शब्द, आणि तो दाखवून सगळंच खोडून काढता येईल. न वाचता सही कशी केलीस, असं उद्या अण्णाच विचारतील. तिला हे सगळं अतिशय शहाणपणाचं वाटलं. तिने बाकावर बसून पहिलं पान वाचलं, मग दुसरं, मग तिसरं.

एकही चूक नव्हती.

तिने डोळे मिटले आणि ती संध्याकाळ शोधायला लागली. बारा वर्षांची ती, शेजारी बसलेले अण्णा, बाहेर नळाला आलेलं पाणी. तिला सगळं दिसलं. तिने वाक्य म्हटलं तेही दिसलं. म्हणताना आत काय होतं, तिथे हात घातला तर हाताला काही लागलं नाही. मग तिने कालची संध्याकाळ शोधली. गुडघ्यावर ठेवलेला हात आठवला, त्यांचा उजळलेला चेहरा आठवला, आणि तिसऱ्या पानावरचं 'पुढे सवय झाली' हे वाक्य आठवलं. ती आणखी मागे गेली, आणखी दिवस उलथेपालथे करून बघितले. जिथे जाईल तिथे ती कागदावरचीच मुलगी बसलेली होती.

रंगराव तिच्यापुढे येऊन उभे राहिले. ते कशाची वाट बघताहेत हे तिला माहीत होतं, जन्मभर माहीत होतं, आणि ते द्यायला किती सोपं आहे हेही माहीत होतं.

"माझा विश्वास आहे, अण्णा," ती म्हणाली.

शब्द बरोबर आले. आवाजही तोच होता. रंगराव तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, जसे ते रोज सोसायटीच्या फाटकावर अनोळखी गाडीवाल्याच्या ओळखपत्राकडे बघत. मग त्यांनी मान डोलावली, "हाव" म्हणाले, हेल्मेट डोक्यावर घातलं आणि एकेक पायरी उतरत निघून गेले.

वर्षाली उठून त्यांच्या मागे गेली नाही. जाऊन काय सांगायचं, हे तिला सुचेना. मॅडमनी पेन्सिलीने पानांच्या तळाशी खुणा करून दिल्या आणि म्हणाल्या, की अक्षर सुवाच्य काढा, आणि सोमवारी साडेनऊला या, दहाला चाकणची एक चौकशी आहे.